पेन ईसी मीटर: बोअरच्या खाऱ्या पाण्यावर पॉलिहाउस चालवणाऱ्यांनी कोणता घ्यावा

पॉलिहाउसच्या आत पाऊस पडत नाही, खरी अडचण तिथेच आहे. उघड्या शेतातले क्षार पावसाळ्यात खाली धुऊन जातात. आत मात्र ड्रिपमधून आलेले क्षार बेडमध्येच साचत राहतात. म्हणून खिशात ईसी मीटर (पाणी वीज किती वाहतं यावरून त्यातले क्षार मोजणारा) हवाच, पण दुकानदार देईल तो नव्हे.

खोक्यावर ‘अचूकता ±२ टक्के फुल स्केल’ असं छापलेलं असतं. हे टक्के रीडिंगचे नव्हे, रेंजच्या कमाल आकड्याचे. म्हणून ० ते २० रेंजच्या मीटरला ही चूक ±०.४ मिलिसायमन प्रति सेंमी (ईसीचं एकक) होते. ढोबळी मिरचीचं उत्पादन पाण्याचा ईसी साधारण १ च्या वर गेला की घटू लागतं. टोमॅटो आणि काकडी १.७ च्या आसपास सोसतात. म्हणजे हा मीटर मिरचीसाठी वापरणं हे उसाच्या वजनकाट्यावर सोनं तोलण्यासारखं. ० ते ४ रेंजचा घ्या, चूक ०.०८ वर येते.

नुसते पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग क्षार) दाखवणारे स्वस्त पेन आरओवाल्यांना ठीक. १ ईसीला कोणी ५०० पीपीएम धरतं, कोणी ७००. दोन शेजाऱ्यांचे आकडे जुळायचे कसे? तापमान भरपाई हवीच. ती नसेल तर दर अंशाला रीडिंग सुमारे २ टक्के सरकतं, आणि दुपारी लॅटरलमधलं (ड्रिपच्या नळीतलं) पाणी चांगलंच तापलेलं असतं.

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मीटरचा आकडा जुळवून घ्यायला, १.४१३ ईसीचं द्रावण मिळतं. वापरलेलं द्रावण बाटलीत परत ओतू नका. इलेक्ट्रोडमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की आकडा कमी दिसतो. पेन हलकेच आपटून मग वाचा. पांढरा थर बसला तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून डिस्टिल्ड वॉटरने धुवा.

मोजायचं तीन ठिकाणी: बोअर, शेवटचा ड्रिपर आणि कोकोपीट असेल तर पिशवीतून निथळलेलं पाणी. बोअर ०.९ आणि ड्रिपर २.२ असेल तर मधला १.३ खताचा. (युरिया यात दिसत नाही, त्याचे आयन, म्हणजे वीज वाहणारे कण, होत नाहीत.) निथळ ड्रिपरपेक्षा १ ने जास्त आली तर क्षार साचताहेत. पानांच्या कडा करपल्या, वाढ खुंटली म्हणून खत वाढवणारे इथेच फसतात. टोमॅटोच्या टोकाचा काळा डागही बहुधा कॅल्शियम कमी टाकल्याने नव्हे, क्षारांमुळे झाडाला पाणी आणि त्यासोबत कॅल्शियम ओढता न आल्याने पडतो. मातीच्या बेडवर मिरची असेल आणि पाणी १.२ चं, तर गरजेपेक्षा साधारण २० टक्के जास्त पाणी मुळांखाली निथळू द्यावं लागतं.

क्षार किती हे मीटर सांगतो, कोणते ते सांगत नाही. १.२ ईसी कॅल्शियमचा असू शकतो, सोडियमचाही. सोडियमने बेड घट्ट होऊन पाणी वर तुंबतं, मग ते २० टक्के खाली उतरतच नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतून पाण्याचा एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा कार्बोनेट-बायकार्बोनेट किती जास्त) काढून घ्या आणि जिप्सम किती टाकायचं ते त्यावर ठरवा.