सर्वेक्षणाच्या कामाला ८ इंची टॅब : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. घरोघरी फिरून फॉर्म भरायचे असतील तर ८ इंची, पाण्या-धुळीला टिकणारा आणि बॅटरी काढता येणारा अँड्रॉइड टॅब घ्या. प्रोसेसरच्या आकड्यांवर पैसे घालवू नका.

आमचं काम कुटुंबांच्या पाहणीचं. एकीकडे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली जांबोटी-कणकुंबीकडची गावं, दुसरीकडे निपाणी भागातली विड्या वळणारी घरं. पूर्वी कुणाकडे मोबाईल, कुणाकडे १० इंची टॅब. मोबाईलवर लांब प्रश्नाचे सगळे पर्याय एका नजरेत येत नाहीत, खालचे वाचायचेच राहतात. आणि १० इंची घेऊन गोठ्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे एका हातात पाखडायचं सूप धरून दुसऱ्या हातानं लिहायचं. शिवाय एवढं मोठं काही पिशवीतून काढलं की माणसं सावध होतात. निपाणीत एका आज्जींनी विडीचं पान कापता कापता विचारलंच, "बाळ, हे सरकारचं काय बँकेचं?" ८ इंची मांडीवर ठेवला की बोलणं तरी चालू राहतं.

पावसाबद्दल मात्र नीट ऐका. टॅब पाण्या-धुळीला किती टिकतो हे आयपी ६८ अशा मानांकनावरून कळतं. त्यातला ६ धुळीसाठी, ८ पाण्यात बुडण्यासाठी. टॅब बुडून वाचेल, पण ओल्या पडद्यावर बोट चालेलच असं नाही. कणकुंबीच्या पावसात छत्रीवरून ओघळलेला थेंब पडद्यावर पडला आणि 'घर पक्कं की कच्चं' याचं उत्तर त्यानंच देऊन टाकलं! टॅबसोबत आलेला डिजिटल पेन अशा वेळी कामाला येतो. दुकानात मिळणारा रबरी टोकाचा पेन तेवढा कामाचा नाही, तो बोटासारखाच फसतो. दुसरी कटकट चार्जिंगची. पोर्टमध्ये ओल राहिली की टॅब चार्जच घेत नाही, सुकेपर्यंत बसा. आणि पावसाळ्यात वाडीवर लाईट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून भरलेली दुसरी बॅटरी पिशवीत हवीच.

जंगलपट्ट्यात नेटवर्क नसलं की सिम रेंज शोधत राहतं आणि बॅटरी खातं. एअरप्लेन मोड लावा, अँड्रॉइडवर जीपीएस तरीही चालतं. फक्त नेट नसताना पहिल्यांदा जागा पकडायला वेळ लागतो, म्हणून बेळगावातून निघतानाच एकदा लोकेशन उघडून घेते. दाट झाडीत अचूकता ढासळते, अंगणात मोकळ्यावर या. टॅब घेताना जीपीएस आहे का ते आधी बघा. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या काही टॅबमध्ये ते नसतं, आयपॅडच्या वाय-फाय मॉडेलमध्ये तर नाहीच.

फॉर्म आम्ही कोबोकलेक्ट या सर्वेक्षणाच्या ॲपवर भरतो. रेंज नसली तरी फॉर्म टॅबमध्ये साठतात, संध्याकाळी पाठवायचे. सीमाभागात सगळ्यात उपयोगी म्हणजे फॉर्म दोन भाषांत बनवता येतो आणि मध्येच भाषा बदलली तरी भरलेली उत्तरं जागेवर राहतात. सासूबाईंशी मराठीत, चिकोडीकडच्या सुनेशी कन्नडमध्ये, फॉर्म तोच.

जमिनीच्या रकान्याला मात्र कुठलाच टॅब वाचवत नाही. उताऱ्यावर २-२० म्हणजे २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर. एकच रकाना असला की पोरं बिनधास्त २.२० टाकतात. एकर आणि गुंठे वेगळे विचारा, गुंठ्याला ३९ ची मर्यादा घाला. ८ इंचीवर दोन्ही रकाने शेजारी दिसतात, मोबाईलवर पान सरकवावं लागतं. उताऱ्याचा फोटो घेत असाल तर फोटोचा आकार कमी ठेवा, नाहीतर संध्याकाळी अपलोड रेंगाळतं. पण इतकाही नको की सर्व्हे नंबर वाचता येणार नाही.

अशा दणकट टॅबची किंमत साध्या टॅबच्या कितीतरी वर जाते, हे खरंच खुपतं. दिवसभर उन्हातलं काम नसेल, बहुतेक भेटी पडवीतच होत असतील, तर साधा ८ इंची, जाड कव्हर आणि प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी यावर भागतं. निपाणीच्या टीमला मी तेच घ्यायला लावलं. खानापूरसाठी नाही.