कुडाळजवळ भर पावसात भाड्याने राहून बघितलं: घराचा आणि त्या भागाचा रिव्ह्यू

ज्यांच्या डोक्यात पुणे-मुंबई सोडून सिंधुदुर्गात कायमचं राहायला जायचं चाललंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. फिरायला जाणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही, कारण आम्ही समुद्रावर जेमतेम गेलो, किल्ला बघितलाच नाही. आम्हाला एवढंच बघायचं होतं की इथे आपलं रोजचं रहाटगाडगं चालेल का. नवऱ्याचं काम पूर्ण लॅपटॉपवर, माझं अकाउंट्सचं काम पण घरूनच होतं, मुलगी तिसरीत आणि सासूबाईंना शुगर आणि गुडघेदुखी. म्हणजे चौघांच्या चार वेगळ्या गरजा, आणि डिसेंबरात चार दिवस होमस्टेला जाऊन यातलं काहीही कळत नाही. डिसेंबरात तिथे सगळंच छान असतं हो, हवा छान, मासे ताजे, रस्ते कोरडे. म्हणून मुद्दाम जुलै-ऑगस्ट निवडला.

घर कुडाळ स्टेशनपासून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर एका वाडीत. मालक काका-काकी दोघंच राहतात, मुलगा मुंबईला, आणि खळ्याच्या म्हणजे अंगणाच्या पलीकडे त्यांनी दोन खोल्या, किचन, संडास-बाथरूम असं वेगळं बांधून महिन्याच्या भाड्याने द्यायला ठेवलंय. भाडं महिना ११,००० रुपये, लाईटला वेगळा मीटर, पाणी विहिरीचं, पंप त्यांचा. जेवण भाड्यात नाही पण सांगितलं तर काकी करून देतात. चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. फोटोत होतं तेच निघालं, ही मोठी गोष्ट आहे. आणखी एका ठिकाणी आम्ही आधी बोललो होतो तिथे फोनवर वेगळं आणि व्हिडिओ कॉलवर वेगळं असा प्रकार होता, त्यामुळे इथे आल्यावर खूप हायसं वाटलं. पोचलो तेव्हा धो धो पाऊस, सामान उतरवताना काका म्हणाले, "पावसात र्‍हवाक इलात ता बरा केलात, मे म्हयन्यात सगळ्यांकाच आवाडता." पहिल्याच मिनिटाला माणूस खरं बोलला.

आता पाऊस. पुण्याचा पाऊस बघून इथल्या पावसाची कल्पना करू नका. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमीच्या वर पडतो आणि वर आंबोलीला तर त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. आकडा वाचून काही वाटत नाही, पण कपडे सलग पाच दिवस वाळत नाहीत तेव्हा वाटतं. काकींच्या मागीलदारी चुलीवर उंच दोऱ्या बांधलेल्या आहेत, आमचे पण कपडे तिथेच, मुलीच्या युनिफॉर्मसारख्या शर्टाला आणि माझ्या चादरींना सगळ्याला धुराचा वास. चामड्याच्या पर्सवर आठवड्यात पांढरी बुरशी, पुस्तकांची पानं फुगलेली, मीठ पाणी सुटून ओलं, कपाटातल्या ब्लेझरवर हिरवट डाग. सासूबाईंचे गुडघे पहिल्या पंधरवड्यात खरंच खूप दुखले आणि मग काकींनी न्हाणीत चुलीवरचं कढत पाणी द्यायला सुरुवात केल्यावर जरा कमी झाले. घरात म्हातारं माणूस असेल तर ही एकच गोष्ट बघायला म्हणून तरी पावसात जाऊन राहा, डॉक्टरला विचारून याचं उत्तर मिळत नाही.

घराला मात्र यात पूर्ण मार्क. कौलं एप्रिल-मेमध्ये परतून घेतलेली होती त्यामुळे गळती फक्त किचनच्या एका कोपऱ्यात, ती पण सांगितल्यावर काकांनी दुसऱ्या दिवशी माणूस आणून काढली. पडवीला प्लास्टिकचा कागद आणि झापं (विणलेल्या माडाच्या झावळ्या) लावून आडव्या पावसाचं पाणी अडवलेलं होतं. संडासाच्या पायरीवर शेवाळं धरतं, तिथे त्यांनी आम्ही न सांगता काथ्याचं पायपुसणं टाकून दिलं आणि दर दोन दिवसांनी घासत होते.

लाईट हा मोठा विषय, यावर जरा लांबण लावते कारण घरून काम करणाऱ्यांचं सगळं यावरच आहे. लाईट जाते. रोज नाही, पण जाते तेव्हा कधी दहा मिनिटं आणि कधी रात्रभर. एकदा वाडीच्या वळणावर फणसाची फांदी तारेवर पडली, संध्याकाळी सातला लाईट गेली, त्यात वारा, नवऱ्याची अमेरिकेच्या लोकांबरोबर मीटिंग साडेआठला. काका खळ्यातून बॅटरी मारत आले आणि म्हणाले, "आता सकाळीच येतली, निजा गप." आणि तसंच झालं. पण सकाळी सहाला बघितलं तर दोन लाइनमन रेनकोट घालून पावसात पोलवर चढलेले, खाली वाडीतले तिघं-चौघं कोयते घेऊन फांदी तोडतायत, कुणीतरी चहाची किटली आणलेली. त्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटला, शहरात आपण ऍपवर तक्रार टाकतो आणि पुढे काय होतं ते आपल्याला दिसतच नाही. घरातला इन्व्हर्टर पंखे आणि दिव्यांना चार-पाच तास पुरतो. नवऱ्याने त्यावर राऊटर जोडून घेतला. वाडीत फायबर आलंय आणि लाईट असेपर्यंत स्पीड पुण्यापेक्षा कमी वाटला नाही, पण मोठ्या भागाची लाईट गेली की नेटच्या पुढच्या जंक्शनला पण गेलेली असते, मग इन्व्हर्टर असून नेट बंद. मोबाईलची रेंज पडवीच्या उजव्या टोकाला एका कंपनीची दोन काड्या, दुसरीची शून्य. तेव्हा घर ठरवायच्या आधी चारही कंपन्यांची सिमं नेऊन त्या घरात, त्या खोलीत, दार लावून बघा, रस्त्यावर उभं राहून नाही. आणि विजांचा धोका जुलैत कमी असतो, तो मे-जूनच्या सुरुवातीला आणि परत ऑक्टोबरात असतो, तेव्हा इथली माणसं टीव्ही-फ्रिजचे प्लग काढून ठेवतात. ते आम्हाला दिसलं नाही, काकांनी सांगितलं, आणि त्यांचा एक जळलेला सेट-टॉप बॉक्स दाखवला.

दवाखान्याचं. कुडाळात साधे आजार, लॅब, सोनोग्राफी हे सगळं होतं. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, तिथे आता सरकारी मेडिकल कॉलेज पण झालंय, आणि कसालजवळ पडव्याला खासगी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. पण हृदय, मेंदू असं मोठं काही झालं की इथले लोक अजूनही गोव्याकडे बांबोळीला, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला धावतात आणि तो रस्ता हायवेने चांगला असला तरी दोन तासांच्या आसपासचा आहे. आम्ही मुद्दाम एका रविवारी पावसात गाडी काढून तो रस्ता करून बघितला. सासूबाई मागे बसलेल्या, त्यांना बसवतं का, मधे कुठे थांबता येतं, ते सगळं. ज्यांच्या घरी हार्टचा पेशंट आहे त्यांनी हे केल्याशिवाय घरासाठी टोकन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय पावसात लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप. भातशेतीच्या चिखलात जाणाऱ्यांना आरोग्य खात्याकडून गोळ्या देतात, आशाताई वाडीत आल्या होत्या. आम्ही मुलीला भाताची लावणी बघायला बांधावर नेलं, चिखलात उतरू दिलं नाही कारण तिच्या पायाला जखम होती, आणि काकींनीच आधी ते विचारलं. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात जाणार असाल तर माकडतापाची माहिती करून घ्या, तो २०१६ पासून तिथे आहे, गोचिडीमुळे होतो आणि काजूच्या हंगामात म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला वाढतो. विंचू-साप आहेतच. फुरसं, हा विषारी साप, आम्हाला एकदा दिसलं, लाकडाच्या ढिगाजवळ. काळोखात बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही हे मुलीच्या अंगवळणी आठवड्यात पडलं.

खाण्याच्या बाबतीत मला काहीच तक्रार नाही, उलट इथे आमचं मन भरलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते त्यामुळे जुलैत ताज्या सुरमईची अपेक्षा ठेवू नका, सुके बांगडे आणि सुकट. पण रानभाज्या! टाकळा, कुर्डू, फागलं, आणि एक दिवस काकांनी रोवणी अळंबी आणली, त्याचं काकींनी वाटप (वाटलेलं खोबरं-मसाला) लावून जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि सोबत लोणचं, सासूबाईंची शुगर त्या महिन्यात ताब्यात होती, ती पेजेमुळे का चालण्यामुळे का कटकट कमी झाल्यामुळे ते सांगता येणार नाही.

माणसांचं सांगते, कारण त्याबद्दल लोक फार गोड गोड लिहितात. माणसं चांगली आहेत, पण पहिल्या पाच मिनिटांत विचारतात की तुम्ही कोणाचे, मूळ गाव कुठलं, घर कुठल्या वाडीत. आमच्या सासूबाईंचं माहेर कणकवलीकडचं, तिकडे आता कोणी राहत नाही, पण तेवढं सांगितल्यावर दारं उघडली आणि त्या स्वतः पंचवीस वर्षांनी मालवणी बोलायला लागल्या, बाजारात भाजीवालीशी वाद घालताना मी त्यांना पहिल्यांदा इतकं मोकळं बघितलं. पण ज्यांचा इथे काहीच धागा नाही त्यांना वेळ लागेल. शेजारच्या वाडीत नाशिकचं एक जोडपं तीन वर्षं राहतंय, ते म्हणाले लोक मदतीला एका हाकेवर येतात, पण गावच्या मांडावर (गाव जिथे सण-उत्सवाला जमतो ती जागा), देवळाच्या कामात आपली जागा ठरलेली नसते, ती मागायची पण नसते, हळूहळू मिळते तेवढी घ्यायची. हे मला फार पटलं. गावऱ्हाटी, म्हणजे देवळाभोवतीची मानपानाची आणि रीतीरिवाजाची जुनी व्यवस्था, ही इथे खरी चालती गोष्ट आहे, ती समजून न घेता येऊन पहिल्याच वर्षी गावाला सुधारायला निघालात तर एकटे पडाल.

जाण्या-येण्याचं पटकन. मुंबईकडे रेल्वे आहे, कोकणकन्या, मांडवी, तुतारी, पण पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात. पुण्याहून रोजची थेट गाडी नाही, म्हणजे घाट, आणि पावसात घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही. महिन्यातून दोनदा पुण्यात हजर राहावं लागणार असेल तर हा जिल्हा तुमच्यासाठी नाही. ज्यांना विमान लागतं त्यांना २०२३ पासून गोव्यातलं मोपा विमानतळ झालंय, त्याचा सावंतवाडीकडच्यांना चांगलाच फायदा. एसटी वाडीपर्यंत दिवसातून मोजक्याच, एक वस्तीची गाडी रात्री येऊन सकाळी जाते, गाडी नसेल तर सगळं नियोजन तिच्यावर. मुलीच्या शाळेचं म्हणाल तर कुडाळात दोन शाळा बघितल्या, शिक्षकांनी वेळ दिला, एका ठिकाणी तिला वर्गात बसू दिलं आणि ती खुशीत बाहेर आली. वाडीतून रोज पावसात ने-आण मात्र जड जाईल हे तिथेच कळलं.

आणि जमीन, हात जोडून सांगते, पहिल्या वर्षी जमीन घेऊ नका. इथला सातबारा उघडला की एका गटावर वीस-वीस नावं निघतात, अर्धी मुंबईला, काही वारलेली, वारस नोंद नाही, वर कुळाची नोंद वेगळी. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तो नसेल तर गावठाण किंवा बिनशेतीच बघावं लागतं. आंबोली, चौकुळ, गेळे या भागात कबुलायतदार गावकर जमिनींचा (गावाने मिळून धरलेल्या जुन्या सामाईक जमिनी) प्रश्न कित्येक वर्षांचा आहे, तिथे स्वस्त प्लॉट म्हणून कोणी दाखवला तर आधी तलाठ्याकडे जाऊन बसा. आम्हाला एका एजंटने तीन प्लॉट दाखवले, तिन्ही ठिकाणी रस्ता दुसऱ्याच्या जमिनीतून. पाऊस होता म्हणून एका प्लॉटमधून चक्क वहाळ (ओढा) वाहताना दिसला, जानेवारीत तिथे नुसतं गवत दिसलं असतं.

उलट पाणी पावसात कळत नाही. जुलैत विहीर हाताला लागेल इतकी भरलेली असते, पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि मार्चनंतर कित्येक वाड्यांत टँकरची वेळ येते. हे मालकाला विचारू नका, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा की मे महिन्यात कळशी किती खोल जाते. आमच्या काकींनी स्वतःच सांगितलं की एप्रिलच्या शेवटी पंप दिवसातून एकदाच लावायचा आणि बाग बंद.

घराला ५ पैकी ४. एक मार्क कापला तो किचनच्या ओट्यासाठी, फारच बुटका आहे, आणि बाथरूममध्ये म्हाताऱ्यांसाठी धरायला दांडी नाही. काकांना सांगितलंय, बसवतो म्हणाले.

आमचं असं ठरलंय की वाडीत नाही, कुडाळ शहरात शाळेपासून चालत जाता येईल असं घर ११ महिन्यांच्या कराराने घ्यायचं, जूनपासून, पुण्याचं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. त्याआधी मे महिन्यात पंधरा दिवस परत जाऊन पाण्याचं आणि उकाड्याचं बघायचं. काकांकडे तेव्हा खोली मिळणार नाही, मे महिना आणि गणपती त्यांचा मुलगा आणि भावंडं येतात म्हणून ते कोणालाच देत नाहीत. बाकी वर्षभर देतात, पण किमान एक महिन्यासाठीच, दोन दिवसांच्या पार्टीवाल्यांना सरळ नाही म्हणतात, आणि यायच्या आधी फोनवर घरात कोण कोण आहे, कोणाला काय आजार आहे ते विचारून घेतात.