गायन शिकताना आधी तंबोरा घ्यावा की पेटी?

शास्त्रीय गायनाच्या वर्गात नाव घातले की घरी रियाजासाठी कोणते वाद्य घ्यावे, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे आणि त्याच्या पालकांपुढे उभा राहतो. तंबोरा आणि पेटी (हार्मोनियम) ही दोन्ही वाद्ये गायनाच्या साथीला असतात. पण पेटी प्रत्येक स्वर तयार करून हाती देते, तर तंबोरा केवळ षड्ज-पंचमाचा (सा आणि प यांचा) आधार देऊन बाकीचे स्वर गाणाऱ्यालाच शोधायला लावतो. स्वर, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म अंतर), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) या प्राथमिक संज्ञांचा अर्थ कानाला कसा कळणार, हे बऱ्याच अंशी या फरकावर ठरते.

आपल्या संगीतात षड्जाची उंची कायमची ठरलेली नसते. प्रत्येक जण आपल्या गळ्याला सोयीची पट्टी, म्हणजे षड्जाची उंची, निवडतो. पुरुष बहुधा पांढरी एक ते काळी दोन आणि स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास गातात (ही नावे पेटीच्या पांढऱ्या-काळ्या स्वरपट्ट्यांची). पेटीवर कोणत्याही पट्टीत गाता येते, ही तिची मोठी सोय आहे. तंबोऱ्याचे तसे नाही. पुरुषांचा आणि स्त्रियांचा तंबोरा आकाराने वेगळा असतो, आणि ज्या पट्टीसाठी तो बांधला आहे तिच्या फार वर-खाली तारा मिळवल्या तर त्याचा नाद बिघडतो. त्यामुळे आवाज फुटण्याआधीच्या वयातील मुलासाठी घेतलेला तंबोरा पुढे त्याच्या उपयोगी पडेलच असे नाही.

खरा भेद मात्र स्वरांच्या मापात आहे. पेटीत सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर शुद्ध गंधार (ग) ५:४ या प्रमाणाने ३०० कंपनांचा यायला हवा. पेटीवर तो ३०२.४ च्या जवळ, म्हणजे थोडा चढा वाजतो. धैवत ४०० ऐवजी सुमारे ४०३.६ होतो आणि कोमल गंधार २८८ ऐवजी सुमारे २८५.४ वर उतरतो. पंचमातला फरक अर्ध्या कंपनाहूनही कमी असल्याने तो कानाला जाणवत नाही. तंबोऱ्यावर पहिली तार मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या (मध्य षड्जाच्या) आणि चौथी खर्जाची (मंद्र षड्जाची) असते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी (तारेचा झंकार) नीट लावली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. १२० कंपनांच्या खर्जाचा पाचवा उपस्वर (मूळ स्वर पहिला धरून, त्याच तारेतून सोबत उमटणारा वरचा स्वर) ६०० कंपनांचा असतो आणि तोच तार सप्तकातला शुद्ध गंधार होय. हा स्वयंभू गंधार ज्याच्या कानात रोज पडतो, त्याला चढा गंधार लवकर खटकू लागतो. स्वरज्ञानाची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

दुसरी मर्यादा मींडेची आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे पेटीला जमत नाही, आणि दरबारी रागाचा आंदोलित (झुलता) कोमल गंधार किंवा भैरव रागातला कोमल रिषभ तिच्या एका स्वरपट्टीवर सापडत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, तिच्यामागेही अशाच आक्षेपांचा आधार होता. ती बंदी मला अतिरेकी वाटते. हार्मोनियमवादक गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने याच वाद्याला मानाचे स्थान मिळवून दिले, आणि नाट्यसंगीत, भजन वा कीर्तन पेटीशिवाय कल्पनेतही येत नाही.

तंबोऱ्याची अडचण वेगळी आहे: तो सुरात मिळवता (तारा योग्य स्वरांना लावता) आला पाहिजे. नवशिक्याला ते महिनोन्‌महिने जमत नाही, दमट हवेत तारा पुन्हा पुन्हा उतरतात, आणि बेसूर तंबोऱ्यावर केलेला रियाज न केल्यापेक्षा वाईट. शिवाय मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात पहिली तार मध्यमाला मिळवावी लागते. पेटीला हे काहीच लागत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरील ॲप यांमुळे ही अडचण बरीच दूर होते; मात्र मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून बऱ्यापैकी स्पीकर जोडणे आवश्यक आहे.

भावगीत, भजन किंवा नाट्यपदे गाण्याचा हेतू असेल, तर पेटी आधी घ्यावी. ख्याल (रागदारी गायनाचा प्रकार) शिकायचा असेल, तर माझे मत निश्चित आहे: सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरावा, आणि पट्टी स्थिर होऊन तारा स्वतः मिळवता येऊ लागल्यावर मिरजेचा तंबोरा घ्यावा, तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घरात पेटी असेल तर ती अडगळीत टाकू नये. अलंकार व पलटे (सरावाच्या स्वररचना) शिकताना नवशिक्याला स्वरांची ठिकाणे दाखवायला तिचा चांगला उपयोग होतो. मात्र प्रत्येक स्वर पेटीबरोबर गाण्याची सवय लावून घेऊ नये. पडताळा घ्यायचा झाल्यास पेटीवर षड्ज आणि पंचम तेवढे धरावेत, आणि गंधार-धैवताचा निर्णय तंबोऱ्याच्या नादातच करावा.