जुनी पंप ॲक्शन बंदूक : कोणता भाग बदलावा आणि कोणता जपावा

ग्वाल्हेरच्या ज्या मराठी घरांत खंडेनवमीच्या पूजेत आजोबांची बारा बोअरची पंप ॲक्शन बंदूक (पुढची पकड मागेपुढे ओढून काडतूस भरण्याची) मांडली जाते, तेथे एक प्रश्न हमखास निघतो : तिला नवे भाग बसवून घ्यावेत की आहे तशीच ठेवावी? या बंदुका बहुधा अमेरिकी बनावटीच्या आहेत. त्यांपैकी रेमिंग्टन ८७०, मॉसबर्ग ५०० आणि इथाका ३७ या तिघींचा विचार येथे केला आहे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या बंदुकांची सुट्या भागांच्या बाबतीतली वागणूक अगदी वेगवेगळी आहे. माझे मत आधीच सांगतो : भाग जुना की नवा, मूळ कंपनीचा की दुसऱ्या कोणाचा, हे नंतर पाहावे, तो भाग बंदुकीत सुटा बसतो, ठोकून बसवलेला असतो की त्याच एका बंदुकीसाठी घासून जुळवलेला असतो, हे आधी पाहावे.

त्याहीआधी दोष नेमका कुठे आहे ते ठरवायला हवे. रिकामे काडतूस नळीत अडकते, ही या बंदुकांची नेहमीची तक्रार आहे आणि तिचे खापर लगेच एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे काडतुसाच्या कडेला नख अडकवून ते मागे ओढणाऱ्या भागावर, फुटते. अडकलेल्या काडतुसाची पितळी कड भिंगाखाली पाहावी. कडेवर एक्स्ट्रॅक्टरच्या नखाने ओरबाडल्याचा खोल व्रण असेल तर एक्स्ट्रॅक्टरने पकड सोडलेली नाही. काडतूसच चेंबरमध्ये (नळीच्या काडतूस बसणाऱ्या मागच्या भागात) चिकटले आहे, आणि तेथे बहुतेक वेळा पावसाळ्यात धरलेला गंज किंवा जुन्या प्लास्टिकचा थर सापडतो. कड स्वच्छ असेल तर मात्र नख झिजले आहे किंवा त्यामागची स्प्रिंग ढिली पडली आहे. पहिल्या स्थितीत नवा एक्स्ट्रॅक्टर आणणे म्हणजे पैसे वाया घालवणे, कारण तेथे गरज असते ती चेंबर साफ करून घेण्याची.

रेमिंग्टन ८७० ही १९५० पासूनची बंदूक. तिचा एक्स्ट्रॅक्टर, त्याची स्प्रिंग आणि फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी कांडी) बदलणे अवघड नाही. पण इजेक्टर (ओढलेले काडतूस बाहेर फेकणारा भाग) रिसीव्हरच्या, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धातूच्या सांगाड्याच्या, आत रिव्हेटने पक्का केलेला असतो आणि काडतूस अडवणाऱ्या दोन्ही पट्ट्या ठोकून बसवलेल्या असतात, त्यामुळे तेथे कसलेल्या कारागिराशिवाय हात घालू नये. जुन्या ८७० मध्ये एखादे काडतूस लिफ्टरखाली (काडतूस वर उचलणाऱ्या भागाखाली) सरकले तर पंप जागीच अडतो. १९८० च्या दशकात आलेल्या खाच असलेल्या लिफ्टरने ही अडचण दूर झाली. मात्र नुसता लिफ्टर बदलून हे साधत नाही : लिफ्टर, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) आणि त्याला मागेपुढे नेणारी स्लाइड हे तिन्ही त्याच पद्धतीचे लागतात. याउलट जुना, पोलाद कातून केलेला एक्स्ट्रॅक्टर चांगला असेल तर नंतरच्या साच्यातल्या एक्स्ट्रॅक्टरसाठी तो काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. नळी बदलायची असेल तर चेंबरची लांबी जुळवावी. तीन इंची चेंबरची नळी २¾ इंची रिसीव्हरवर बसते. परंतु ती बसली म्हणून त्या बंदुकीत तीन इंची काडतूस चालते असे नाही.

मॉसबर्ग ५०० दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत सोयीची आहे. तिचा इजेक्टर एका स्क्रूवर असतो, काडतूस अडवणारे भाग चापाची जुळणी बाहेर काढताच मोकळे होतात, आणि एक्स्ट्रॅक्टर दोन असल्याने एकावरच सगळा ताण येत नाही. अडचण येते ती पुढच्या पकडीची आणि नळीची. १९७० पूर्वीच्या बंदुकीत पकडीला बोल्टशी जोडणारी पंपाची पट्टी एकच होती, पुढे दोन झाल्या. म्हणून नंतरच्या काळातली पकड जुन्या बंदुकीला चालेल असे गृहीत धरू नये. नळीही मॅगझीनच्या (काडतुसे भरायच्या नळकांड्याच्या) टोकाशी स्क्रूने पक्की होते, म्हणून मॅगझीनच्या लांबीला जुळणारीच नळी घ्यावी लागते.

इथाका ३७ चा निर्णय तिच्यावरचा अनुक्रमांक पाहून होतो. ८,५५,००० च्या आतल्या बंदुकांच्या नळ्या एकेका रिसीव्हरला जुळवलेल्या आहेत. दुसरी नळी कारागिराने जुळवून दिल्याशिवाय वापरू नये. अशा बंदुकीत स्प्रिंगा नव्या कराव्यात, बाकी काही हलवू नये.

भाग कुठून आणायचे, हा प्रश्न आपल्याकडे कायद्यापासून वेगळा करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीच्या व्याख्येतच तिचे भाग येतात, दुरुस्तीच्या व्यवसायाला वेगळा परवाना लागतो आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. म्हणून खरेदी आणि काम, दोन्ही परवानाधारक विक्रेत्यामार्फतच व्हायला हवे. भागांसाठी दुसरी जुनी बंदूक घेऊन ठेवण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्यातच मोजली जाते, हे त्या वेळी ध्यानात ठेवावे. लाकडी दस्ता, रबरी पॅड आणि साध्या स्प्रिंगा चांगला मिस्त्री येथेच करून देतो व त्या समाधानकारक चालतात. बोल्ट, त्याला जागी अडकवणारा लॉकिंग ब्लॉक किंवा नळी मात्र हाताने घडवून घेऊ नये. बदललीच तर हेडस्पेस गेजने (बंद बोल्ट आणि काडतूस यांमधली जागा मोजणाऱ्या मापाने) तपासून घ्यावी आणि आधी डमी काडतुसांवर पंप पुरेसा चालवून पाहावा.

तेव्हा घरात मॉसबर्ग असेल तर झिजलेले भाग निःशंकपणे बदलून घ्यावेत. ८७० असेल तर सुटे भाग बदलावेत, लिफ्टरचा संच पूर्ण मिळाला तरच घ्यावा आणि इजेक्टर तुटेपर्यंत त्याला हात लावू नये. जुन्या क्रमांकाची इथाका असेल आणि तिची नळी आतून खड्डे पडून गेली असेल, तर ती पूजेपुरती ठेवून वापरासाठी नवी बंदूक पाहावी; बारा बोअरची पंप ॲक्शन आपल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यातही बनत आली आहे.