टिंबानं ओळ खाल्ली तिथपासून : निओव्हिमचा माझा अनुभव

मी साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळते. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, स्लिप. काम एवढंच, पण हंगाम सुरू झाला की रात्र नाही नि दिवस नाही. डिसेंबर २०१९ मध्ये रात्री साडेअकराला एका काट्यावरून फोन आला. "ताई, स्लिपा निघंनात. गाड्या पार रस्त्याला लागल्यात." त्यांनी प्रिंटर बदलला होता, त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) वेगळा होता. सर्व्हरवर जाऊन एका फाइलमधली एक ओळ बदलायची, की झालं. त्या सर्व्हरवर नॅनो, म्हणजे टर्मिनलमधला सोपा टेक्स्ट एडिटर, नव्हता. होता फक्त व्हीआय हा जुना एडिटर.

फाइल उघडली. जुन्या आयपीवर कर्सर नेला आणि डिलीटची कळ दाबून तो पुसला. इथवर सगळं नोटपॅडसारखं, म्हणून मी निर्धास्त. मग नवा आयपी टाइप करायला घेतला. एकशे ब्याण्णव, टिंब... आणि ओळीचा पुढचा सगळा भाग गायब. त्यात पोर्ट होता, कागदाची रुंदी होती, सगळं गेलं. घाबरून मी तशीच पुढे टाइप करत राहिले, तर प्रत्येक टिंबाला मागचंही एकेक अक्षर जायला लागलं. शेवटी टर्मिनलची खिडकीच बंद केली. पुन्हा फाइल उघडली तर स्वॅप फाइल (अर्धवट राहिलेल्या कामाची तात्पुरती फाइल) सापडल्याचा लांबलचक इशारा समोर. तिकडे फोनवर ट्रॅक्टरचे हॉर्न ऐकू येत होते. शेवटी एका मित्राला झोपेतून उठवलं. त्यानं जांभई देत सांगितलं, "एस्केप दाब. आता कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. आता पहिल्यापासून उघड, आणि टाइप करायच्या आधी आय दाब. आय! विसरू नकोस."

नक्की काय झालं होतं, ते मला चार महिन्यांनी कळलं. व्हीआय उघडल्यावर आपण नॉर्मल मोडमध्ये असतो. तिथे अक्षरं उमटत नाहीत, प्रत्येक कळ म्हणजे आज्ञा असते. आकडा म्हणजे 'इतक्या वेळा' आणि टिंब म्हणजे 'मघाशी केलंस तेच पुन्हा कर'. मी मघाशी अक्षर पुसलं होतं. मग त्याला म्हटलं, तेच १९२ वेळा कर. त्यानं बिचाऱ्यानं ओळ संपेपर्यंत इमानेइतबारे केलं.

ते टिंब पुढे माझं सगळ्यात लाडकं बटण होणार होतं. लॉकडाऊनमध्ये वेळ होता, रागही होता, म्हणून मी व्हिम, म्हणजे व्हीआयचाच सुधारलेला अवतार, शिकायला बसले. २०२१ च्या पावसाळ्यात निओव्हिम या व्हिमच्याच नव्या शाखेवर आले, आणि आजही दिवसभर त्यातच असते. पायथन, पीएचपी, एसक्यूएल, कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइली, सगळं तिथेच. म्हणून हा रिव्ह्यू.

आधी थोडी वंशावळ सांगते, कारण ती माहीत नसली की याच्या सवयी माणसाला वेडेपणाच्या वाटतात. मूळ व्हीआय बिल जॉयनं १९७६ मध्ये बर्कलीला लिहिला, तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. आणि आज जिथे टॅब असतो तिथे तेव्हा एस्केप होता, करंगळीच्या टप्प्यात. म्हणजे एस्केप दाबायला हात उचलावा लागतो हा दोष व्हीआयचा नाही, नंतरच्या कीबोर्डवाल्यांनी ती कळ कोपऱ्यात नेऊन ठेवली. पुढे ब्राम मोलेनार या डच माणसानं अमिगा संगणकावर व्हिम लिहिला, तो १९९१ मध्ये बाहेर आला. व्हिम फुकट आहे, पण उघडल्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. ब्राम स्वतः तिथे काम करून आला होता, त्यामुळे ती ओळ शोभेची नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये तो गेला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी बराच वेळ नुसती त्या उघडणाऱ्या पडद्याकडे बघत बसले होते. निओव्हिम ही २०१४ मध्ये व्हिममधूनच फुटलेली शाखा. आतली भाषा तीच, पण सजावट आणि जोडण्या लुआ भाषेत लिहिता येतात. २०२१ च्या जुलैत आलेल्या ०.५ आवृत्तीपासून लँग्वेज सर्व्हरची सोयही त्यात आतूनच मिळाली. म्हणजे फंक्शनच्या नावावरून थेट त्याच्या व्याख्येवर उडी मारणं, चुका लिहितालिहिता दिसणं वगैरे जे बाकीच्या एडिटरांत सवयीचं झालंय, ते इथेही.

आता शिकण्याचं. व्हिमसोबत व्हिमट्यूटर नावाचा धडा येतो, अर्ध्या तासाचा. तो मी आठवडाभर रोज सकाळी चहासोबत केला. पहिले पंधरा दिवस मी ऑफिसातली सगळ्यात हळू माणूस होते. साधी एक ओळ वर सरकवायची तर डोकं खाजवत बसायची. तिसऱ्या आठवड्यात जुना वेग परत आला. त्यानंतर एक दिवस अवतरणचिन्हांतला मजकूर बदलायचा होता आणि बोटांनी आपणहून सी, आय, अवतरणचिन्ह असं दाबलं. कर्सर ओळीच्या सुरुवातीला होता, अवतरणं कुठेतरी पुढे. त्यानं ती शोधली, आतला मजकूर पुसला आणि मला लिहायला मोकळं केलं. तेव्हा लक्षात आलं की यातले शॉर्टकट पाठ करायचे नसतात, हे व्याकरण आहे. सी म्हणजे बदल, डी म्हणजे काढ, वाय म्हणजे उचलून ठेव. ही झाली क्रियापदं. शब्द, परिच्छेद, कंसातलं, अवतरणातलं ही नामं. पाच क्रियापदं आणि दहा नामं आली की पन्नास वाक्यं बोलता येतात, एकही वेगळं पाठ न करता.

गंमत अशी की हे व्याकरण इंग्रजी वळणाचं आहे. व्हिमला सांगायचं 'बदल – शब्द'. आपण मराठीत 'शब्द बदल' म्हणतो, क्रियापद शेवटी. मधे एका सुट्टीत मी हेलिक्स हा रस्टमध्ये लिहिलेला एडिटर वापरून बघितला. त्यात आधी निवडायचं आणि मग काय करायचं ते सांगायचं, अगदी मराठीसारखं. काय निवडलं गेलंय ते आधी डोळ्यांना दिसतं, त्यामुळे चुकाही कमी होतात. मला तो मनापासून आवडला. पण सर्व्हरवर मिळतो तो व्हीआय, आणि दोन व्याकरणं एका हातात ठेवायचं वय माझं राहिलं नाही.

टिंबाची कमाल सांगायची राहिली. एखादं नाव दहा ठिकाणी आहे, त्यातल्या सात ठिकाणीच बदलायचंय. नावावर जाऊन तारांकन दाबायचं (तेच नाव सगळीकडे शोधलं जातं), सी-जी-एन म्हणून (पुढे सापडलेलं बदल) नवं नाव लिहायचं, एस्केप. पुढे नुसतं टिंब, टिंब, टिंब. जिथे नको तिथे एन दाबून ओलांडायचं. आणि याहून मोठं काम असेल तर मॅक्रो, म्हणजे दाबलेल्या कळांचं रेकॉर्डिंग. गेल्या हंगामाआधी एका कारखान्यानं गावांची यादी पाठवली, २१२ ओळी, प्रत्येकीत कोड, स्वल्पविराम, गाव. मला त्याची एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, हवी होती. क्यू-ए दाबून रेकॉर्डिंग सुरू केलं. मोठा आय, कंस आणि अवतरण. स्वल्पविरामापर्यंत उडी, त्याच्या जागी अवतरण-स्वल्पविराम-अवतरण. ओळीच्या शेवटी अवतरण, कंस, स्वल्पविराम. जे दाबून खालच्या ओळीवर, क्यू दाबून रेकॉर्डिंग बंद. मग २११, ॲट, ए. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शिरोळपासून शिराळ्यापर्यंत सगळी गावं कंसात जाऊन बसली. शेजारी बसलेला आमचा नवा मुलगा म्हणाला, "मॅडम, परत करून दाखवा." मी यू दाबून सगळं मागे नेलं आणि परत करून दाखवलं. हो, थोडी शायनिंग मारलीच.

मागे नेण्यावरून आठवलं. अनडूफाइल हा पर्याय चालू करा, अगदी पहिल्या दिवशी. फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तरी कालचे बदल उलटवता येतात. आणि कोलन लिहून 'अर्लियर १०एम' म्हटलं की फाइल दहा मिनिटांपूर्वी जशी होती तशी समोर येते. जेवायच्या आधी बरं चाललं होतं आणि नंतर काहीतरी बिघडलं, अशा दिवशी याच्यासारखा आधार नाही.

इथवर मी पाच तारे दिले असते. तारे कमी होतात ते सजावटीपायी, आणि त्यात दोष निम्मा माझा आहे.

निओव्हिम कोरा उघडला की साधाच दिसतो. मग आपण किकस्टार्टसारखी तयार फाइल आणतो. ती चांगली आहे, एकाच फाइलीत सगळं, प्रत्येक ओळीवर टीप, वाचत वाचत शिकता येतं. तिथेच थांबले असते तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. पण थांबवत नाही. रंगसंगती बदलू. खालच्या पट्टीत गिटची (कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीची) शाखा दिसू दे. फाइलींच्या नावांपुढे चित्रं हवीत. उघडताना दिसणाऱ्या पानावर गणपती काढता येईल का, यात माझा एक आख्खा रविवार गेला. (येतो काढता. सोंड नीट येत नाही.) दोन वर्षांत माझी कॉन्फिग नऊशे ओळींवर गेली आणि प्लगइन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, झाले ४७. त्यातले निम्मे काय करतात ते मलाच आठवत नव्हतं. मग हंगामाच्या ऐन मध्यावर, एका सोमवारी सकाळी, मी सवयीनं सगळे प्लगइन अपडेट केले. त्यातल्या एकानं आपली आज्ञा बदलली होती, आणि एडिटर उघडल्या उघडल्या लाल अक्षरांचा पूर. इकडे गाड्यांची रांग, तिकडे मी माझ्याच हत्याराला धार लावत बसलेली. लॉक फाइल (कोणत्या प्लगइनची कोणती आवृत्ती आहे ते नोंदवणारी) गिटमध्ये होती म्हणून पाच मिनिटांत आदल्या आवृत्त्यांवर परतले. ती गिटमध्ये ठेवाच. आणि हंगामात अपडेट नाही, हा आता नियम आहे.

दुसरं दुखणं देवनागरीचं, जे कोणत्याही इंग्रजी धड्यात सापडणार नाही. मी कोडमधल्या टिपा मराठीत लिहिते, कारण काट्यावरच्या नियमांना इंग्रजीत शब्दच नाहीत. कीबोर्ड इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी मांडणीचा. टीप लिहून झाली, एस्केप दाबलं, खाली जायला जे दाबला, तर कर्सर ढिम्म. कारण व्हिमला जे पोचलाच नाही, पोचला 'र'. के दाबला तर 'क'. दर वेळी आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा आणि मग एडिटरशी बोला, असं वर्षभर चाललं. इलाज तीनच ओळींचा निघाला. इन्सर्ट मोड (टाइप करायचा मोड) सोडल्याची घटना घडली की आयबसला, म्हणजे कीबोर्डची भाषा बदलणाऱ्या प्रोग्रामला, सांगायचं, इंग्रजीवर जा. ह्या तीन ओळी माझ्या आख्ख्या कॉन्फिगमधल्या सगळ्यात मोलाच्या. तरी टर्मिनलमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडेतिकडे सरकतातच, त्याला इलाज नाही. लेख लिहायचा असेल तर मी दुसरीकडे लिहिते. हाही तिथे लिहिला नाही.

तिसरी गोष्ट एस्केपची. पुष्कळ लोक जे-के लागोपाठ दाबलं की एस्केप, अशी सोय करून घेतात. मीही केली होती. घरच्या लॅपटॉपवर झकास. पण कारखान्याच्या सर्व्हरवर माझी कॉन्फिग नाही. तिथे एका फाइलच्या शेवटी मी इमानदारीत जे-के टाइप करून ठेवलं आणि सर्व्हिस उठेना. वीस मिनिटं शोधत होते. तेव्हापासून जे-के बंद, आणि कॅप्स लॉकलाच एस्केप करून टाकलं, ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर. कुठल्याही सर्व्हरवर गेले तरी कीबोर्ड माझाच असतो. मुलीची तक्रार आहे की आईच्या लॅपटॉपवर प्रोजेक्टचं शीर्षक मोठ्या अक्षरांत लिहिता येत नाही. तिला शिफ्ट दाबून धरायला सांगितलंय.

घ्यावा का? रोज चार-पाच तास मजकुरातच हात असेल, सर्व्हरवर जावं लागत असेल, माउसनं मनगट दुखत असेल, तर नक्की. जावाचे प्रचंड प्रोजेक्ट असतील आणि आयडीईवर (कोड लिहायच्या मोठ्या तयार साधनावर) तुमचं भागत असेल, तर आहे त्याच आयडीईत किंवा व्हीएस कोडमध्ये व्हिमच्या कळांचं एक्स्टेन्शन टाका. भाषा तीच मिळते, सजावटीचं व्यसन लागत नाही. मी आमच्या नव्या मुलालाही तेच दिलंय. पहिले तीन महिने प्लगइन नाही, रंग नाही, नुसता ट्यूटर आणि टिंब.

तारे द्यायचेच तर व्हिमच्या भाषेला पाच, निओव्हिमला चार, माझ्या नऊशे ओळींना दोन. त्या आता १४० वर आल्यात. गणपती काढून टाकायचा धीर होत नाहीये, त्याच्या अठरा ओळी त्यातच आहेत.