‘चारही दारांचं सीलिंग’ करून घेण्याआधी हे वाचा

गाडी ऐंशीच्या पुढे गेली की दारातून शिट्टी वाजते आणि वारा कानाशी लागतो, ही तक्रार घेऊन अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जाणार असाल तर आधी हे वाचा. आमचे 14 हजार रुपये गेले. त्याहून जास्त संताप चांगल्या दारांची वाट लावली याचा आहे.

पुण्यातल्या त्या दुकानात मुलाने दार एकदा आपटून पाहिलं आणि लगेच सांगून टाकलं, “साहेब, चारही दारांची रबरं गेली. ओरिजिनल टाकतो, आतून डॅम्पिंग शीट मारतो, गाडी एकदम पॅक.” गाडी चालवून पाहिली नाही, काच खाली-वर केली नाही. संध्याकाळी गाडी ताब्यात मिळाली तेव्हा रबरं काळीभोर चमकत होती. दार लावायला जोर लागत होता, त्यावर “नवीन रबर आहे, बसेल हळूहळू” हे उत्तर. एक्स्प्रेसवेवर शिट्टी होती तशीच होती.

पावसाळा लागला आणि वळणावर दारात पाणी हिंदकळायला लागलं. पायाखालची मॅट वाळेचना. शेवटी ओळखीच्या डेंटरकाकांकडे गाडी नेली. त्यांनी ड्रायव्हरच्या दाराच्या रबरावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. “पॉलिश मारलंय हो, रबर जुनंच आहे.” सीटबेल्टचं बक्कल दारात अडकून रबराला पूर्वी चीर पडली होती, ती जागच्या जागी होती. फक्त तिच्या शेजारून मीटरवर मिळणारी चिकट फोमची पट्टी डकवलेली. दार जड लागत होतं ते तिच्यामुळे.

आतलं पॅड उघडलं तेव्हा खरा प्रकार दिसला. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच, रचनाच तशी असते. ते खालच्या भोकांतून बाहेर जातं आणि पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा त्याला गाडीत येऊ देत नाही. या लोकांनी तो पडदा फाडून टाकला होता आणि खालची भोकं सीलंट भरून बुजवली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर दार खालून सडलं असतं. डॅम्पिंग शीट म्हणाल तर स्पीकरच्या मागे दोन तुकडे. तसंही ती शीट पत्र्याची थरथर कमी करते, फटीतून जाणारी हवा अडवत नाही.

दुखणं निघालं आरशाजवळच्या कोपऱ्यात. काच ज्या रबरी खोबणीत सरकते, ते रन चॅनेल तिथे फाटलं होतं. वेगात पुढच्या खांबावरून वळणाऱ्या हवेमुळे काचेबाहेरचा दाब घटतो, काच आणि चौकट किंचित बाहेर ओढली जाते, आणि फटीतून आतली हवा सुसाट निघते. म्हणून शहरात चाळीसच्या वेगाला काहीच कळत नाही. काकांनी एकच चॅनेल बदललं, दाराचं लॉक ज्यात अडकतं ती चौकटीवरची कडी, म्हणजे स्ट्रायकर, जरासा आत घेतला, भोकं मोकळी केली, नवा पडदा लावला. मजुरीसकट 2 हजारांच्या आत काम झालं आणि शिट्टी गेली.

त्यांनीच दाखवलेली एक तपासणी दुकानात जाण्याआधी घरीच करा. काचेच्या कडांवर आणि आरशाच्या कोपऱ्यावर बाहेरून मास्किंग टेप लावा आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर घ्या. आवाज थांबला तर एकेका जागची टेप काढत जा, जिथली काढल्यावर शिट्टी परत येते तिथेच गळती. दाराचं रबर पाहायचं तर दारात नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे, कुठे सहज सुटली तर तिथे रबर टेकत नाही.

दुकानदाराकडे परत गेलो तर “बाहेर कुणी उघडलं, आता आमची जबाबदारी नाही.” हातात होती ती साधी चिठ्ठी, जीएसटी बिल मागितलं तर टाळाटाळ. पण चिठ्ठीवर ‘नवीन रबर 4 नग’ असं त्यांच्याच अक्षरात आहे, यूपीआयची नोंद आहे, आणि पॅड उघडताना मी फोटो काढले आहेत. एवढ्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. तुमच्याकडे असंच काम झालं असेल तर आज दाराच्या खालच्या कडेला हात लावून भोकं उघडी आहेत का पाहा, आणि काही उघडण्याआधी फोटो काढून ठेवा.