वर्गातल्या नोट्ससाठी ऑडॅसिटी: लेबलांसाठी घ्यावे असे फुकट सॉफ्टवेअर

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला एकदम इंग्रजी, ही बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच मुलांची वाट. एखादी संज्ञा कळेपर्यंत सर दोन वाक्ये पुढे गेलेले असतात आणि वहीत अर्धवट ओळी उरतात. रेकॉर्डिंग कुठलाही मोबाईल करतो. पण तासाभराच्या आवाजातून नेमकी ती संज्ञा शोधायची कशी? तिथे ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-सुधारण्याचे सॉफ्टवेअर कामाला येते. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालते.

वर्गात लॅपटॉप लागत नाही. सरांची परवानगी घेऊन मोबाईल पहिल्या बाकावर, पातळ रुमालावर ठेवावा. थेट लाकडावर ठेवला तर बाकाचा प्रत्येक धक्का रेकॉर्ड होतो. एअरप्लेन मोड लावावा, नाहीतर फोन आला की बरीच अ‍ॅप्स रेकॉर्डिंग थांबवतात. फॉरमॅट वेव्ह किंवा एमपी३ निवडावा. एम४ए फाईल विंडोजवरच्या ऑडॅसिटीत एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर वेगळे बसवल्याशिवाय उघडत नाही, आणि नवे लोक बहुतेक इथेच अडतात. वहीत मात्र एक सवय हवी: जे कळले नाही त्याच्यासमोर समासात रेकॉर्डरवरचे मिनिट लिहायचे. १४, २७, ४१, एवढेच.

घरी फाईल उघडून त्या मिनिटावर क्लिक करावे, कंट्रोल-बी दाबावे, लेबल, म्हणजे त्या जागेची छोटी चिठ्ठी, टाईप करावे (देवनागरीही चालते) आणि एंटर मारावे. एंटर विसरलात तर पुढचा स्पेसबार आवाज सुरू करण्याऐवजी लेबलातच जागा सोडतो. सगळी लेबले एक्स्पोर्ट केली की वेळेसकट साधी टेक्स्ट फाईल मिळते. ती त्या तासाची अनुक्रमणिकाच! सर भरभर बोलत असतील तर तेवढाच तुकडा निवडून ‘चेंज टेम्पो’ने वीस टक्के सावकाश करावा, आवाज जाड होत नाही.

पंख्याची घरघर चांगली कमी होते. कोणी बोलत नसलेले एक-दोन सेकंद निवडून ‘नॉईज रिडक्शन’मध्ये नॉईज प्रोफाईल (नुसत्या घरघरीचा नमुना) घ्यावे, मग पूर्ण ट्रॅक निवडून तोच इफेक्ट लावावा. आवाज घटवण्याचा आकडा १२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास ठेवून थांबावे. फार वाढवले की बोलणे पाण्याखालून आल्यासारखे होते. जुलैतल्या खानापूरच्या पावसापुढे मात्र हा उपाय हरतो. पंख्याचा आवाज एकसारखा असतो, पत्र्यावरच्या सरींचा सतत बदलतो, म्हणून एकच प्रोफाईल पुरत नाही. त्या दिवसांत मोबाईल सरांच्या टेबलावर ठेवू द्यावा म्हणून विनंती करणे, हाच खरा इलाज.

बोललेले आपोआप टाईप करून देणाऱ्या अ‍ॅप्सवर इथल्या वर्गात भिस्त ठेवू नये. व्याख्या इंग्रजीत, खुलासा कन्नडमध्ये, मधेच दोन वाक्ये मराठीत. एकच भाषा धरून चालणारे अ‍ॅप त्याची खिचडी करते.

जागेचा हिशोब आधी करावा. ऑडॅसिटीच्या मूळ सेटिंगवर, म्हणजे ४४,१०० हर्ट्झ आणि ३२ बिटवर, मोनो आवाजाचा एक तास सुमारे ६३५ एमबी खातो. लेबले झाली की ६४ केबीपीएस मोनो एमपी३ काढावी. तोच तास २९ एमबीत बसतो आणि बसमध्ये मोबाईलवर ऐकता येतो. एयूपी३ प्रोजेक्ट फाईल (ऑडॅसिटी आपले काम जिच्यात साठवते ती) पेनड्राईव्हवरून थेट उघडू नये. मधेच तो निघाला तर काम खराब होण्याची भीती असते; आधी लॅपटॉपवर कॉपी करावी, मग उघडावी.